दहा अश्वशक्तीचे डिझेल इंजिन गोबरगॅसवर चालवायचे आहे: पूर्ण बदल करावा की डिझेल सोबत ठेवावे?

सीनाकाठ, मोहोळ तालुका

नमस्कार. आमच्या गोठ्यात ३५ दुभती जनावरे आहेत. त्यांत संकरित गाई अधिक आणि म्हशी थोड्या. तरंगत्या लोखंडी टाकीचे १५ घनमीटर क्षमतेचे गोबरगॅस संयंत्र आहे. त्यातला गॅस आजवर फक्त स्वयंपाकाला वापरला जातो आणि उरलेला टाकीच्या कडेने बुडबुडे येत हवेत निघून जातो. ही नासाडी रोज पाहवत नाही.

दुसरीकडे, पहाटेच्या किंवा संध्याकाळच्या धारांच्या वेळी वीज गेली, की दुधाचा कुलर, दूध काढायचे यंत्र आणि कडबाकुट्टी यांसाठी डिझेल इंजिन चालवावे लागते. इंजिन १० अश्वशक्तीचे, एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, मिनिटाला १५०० फेऱ्यांचे असून पट्ट्याने अल्टरनेटरला जोडलेले आहे. दूध संकलनाच्या दरात डिझेलचा हा खर्च बसत नाही.

सोलापुरातील एका मिस्त्रींनी सांगितले, की फ्युएल पंप आणि नोजल (डिझेल फवारणारी तोटी) काढून त्या जागी स्पार्क प्लग बसवावा आणि इंजिन पूर्णपणे गॅसवर चालवावे. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की एअर फिल्टरच्या पुढे गॅसची नळी जोडली की काम झाले, बाकी कशाला हात लावायचा नाही. दोघेही अनुभवी असले, तरी दोन्ही सल्ले एकमेकांच्या अगदी उलट आहेत. यांतला कोणता मार्ग योग्य, इंजिनाच्या आयुष्यावर काय परिणाम होतो आणि माझ्याकडचा गॅस किती तास पुरेल, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

होटगीरोड, इंजिन दुरुस्ती

दोन्ही पद्धती खऱ्या आहेत. पण तुमच्या गरजेला दुसरी योग्य आहे, आणि तीही वाटते तितकी साधी नाही. आधी कारण सांगतो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा तिच्या मूळ आकारमानाच्या साधारण सतराव्या भागापर्यंत दाबली जाते, त्यामुळे ती प्रचंड तापते, आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते, कारण डिझेलला पेटायला २१० ते २५० अंश सेल्सियस एवढे तापमान पुरते. गोबरगॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन, आणि त्याला आपोआप पेटण्यासाठी ५४० अंशांच्या आसपास तापमान लागते. शिवाय सोबत कार्बन डायऑक्साइड असल्याने पेटणे आणखी अवघड होते. पिस्टन वर पोचून परत फिरेपर्यंतच्या अत्यल्प वेळात नुसत्या दाबाने तो भरवशाने पेटत नाही. म्हणून त्याला कोणीतरी पेटवावे लागते: एकतर स्पार्क प्लगने, नाहीतर थोड्याशा डिझेलने.

स्पार्कचा मार्ग धरला, तर नोजलच्या जागी प्लग बसवण्यासाठी हेडचे मशिनिंग करावे लागते, पिस्टनचा माथा कापून दाबाचे प्रमाण सतरावरून अकरा-बारापर्यंत उतरवावे लागते, फ्लायव्हीलवर ठिणगीची वेळ टिपणारा पिकअप सेन्सर आणि वेगळी इग्निशन कॉइल बसवावी लागते, आणि फेऱ्या स्थिर ठेवण्यासाठी डिझेलचा गव्हर्नर (फेऱ्या राखणारी यंत्रणा) काढून गॅसच्या वाटेवर झडप लावून तिला गव्हर्नर जोडावा लागतो. गोबरगॅसची ज्योत सावकाश पसरते, त्यामुळे ठिणगी बरीच आधी द्यावी लागते. डिझेलच्या अंगच्या वंगणाचा जो थोडा आधार व्हॉल्व्हला मिळत होता तो जातो, म्हणून एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट कठीण धातूच्या घालणे बरे. एवढे सगळे नीट केले तरी ताकद साधारण पाचव्या हिश्शाने किंवा त्याहूनही जास्त कमी होते, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गॅस संपला की इंजिन बंद. रात्री दोन वाजता कुलर चालवायचा असेल आणि टाकी खाली बसलेली असेल, तर तुमच्या हातात काहीच उरत नाही. ज्यांच्याकडे दिवसरात्र भरपूर गॅस आहे आणि इंजिन अखंड चालते, त्यांनी हा मार्ग घ्यावा. तुम्ही घेऊ नये.

दुसऱ्या मार्गात इंजिन डिझेलचेच राहते. हवेबरोबर गॅस आत ओढला जातो आणि नोजलमधून येणारे थोडे डिझेल त्याला पेटवते. इंजिन नेहमीप्रमाणे डिझेलवर सुरू करायचे, पाच-दहा मिनिटे तापू द्यायचे, भार द्यायचा आणि मग गॅसचा कॉक हळूहळू उघडायचा. फेऱ्या वाढू लागल्या की गव्हर्नर स्वतःच पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) मागे खेचून डिझेल कमी करतो. आपल्याला पंपाला हातही लावावा लागत नाही. इंजिन अडखळू लागले, ठोका बदलला, की कॉक थोडा मागे घ्यायचा. बंद करताना आधी गॅस, मग काही मिनिटे डिझेलवर चालवून डिझेल.

डिझेलची बचत ८० टक्क्यांपर्यंत दाखवता येते, पण मी ६५ ते ७० टक्क्यांवर थांबायला सांगतो. नोजलमधून जाणारे डिझेलच नोजलचे टोक थंड ठेवते. ते फारच कमी झाले, तर टोक तापते, कार्बन धरते, फवारा बिघडतो आणि पुढे पिस्टनला भोक पडण्यापर्यंत मजल जाते.

नळी कोठे जोडायची, याकडे नीट लक्ष द्या. एअर फिल्टर आणि मॅनिफोल्ड यांच्या मध्ये, व्हेंच्युरीच्या आकाराचा (मध्ये गळा अरुंद असलेला) मिक्सर बसवून. फिल्टरच्या आधी नळी आणल्यास इंजिन थांबल्यावर गॅस खोलीत पसरतो. कॉकखेरीज एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेवर उघडणारी झडप) लावा आणि त्याला अल्टरनेटरचीच वीज द्या, म्हणजे इंजिन कोणत्याही कारणाने थांबले की गॅस आपोआप बंद होईल. मिक्सरच्या अलीकडे ज्वालारोधक जाळी हवीच. आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: दूध थंड झाले की कुलरचा कॉम्प्रेसर आपोआप बंद पडतो आणि भार एका क्षणात उतरतो. गव्हर्नर फक्त डिझेल कमी करू शकतो, हाताने उघडलेला गॅस नाही. त्यामुळे फेऱ्या एकदम वाढतात आणि व्होल्टेजही उसळते. तेव्हा कुलर बंद झाल्यावर जो सर्वांत कमी भार उरेल, त्याला इंजिन फेऱ्या न वाढवता पेलेल एवढाच गॅस उघडा, किंवा फेऱ्या वाढताच गॅस तोडणारे यंत्र बसवून घ्या.

तंत्रशिक्षक, सोलापूर

वरील उत्तर अचूक आहे. मी गॅसचा हिशोब आणि एक इशारा जोडतो.

एक जनावर दिवसाला सरासरी १० ते १२ किलो शेण देते असे धरले, तर ३५ जनावरांचे सुमारे ४०० किलो होते. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ०.०४ घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे दिवसाला १६ घनमीटरच्या आसपास. आपल्या संयंत्राची क्षमता १५ आहे, ते जुळते. स्वयंपाकाचे दोन घनमीटर वजा केल्यास १३ उरतात. अशा दुहेरी इंधनाच्या इंजिनाला ताशी एका अश्वशक्तीला ०.४२ घनमीटरच्या आसपास गॅस लागतो, हा जुना आणि उपयोगी ठोकताळा आहे. आपला प्रत्यक्ष भार सात अश्वशक्तीचा असेल, तर ताशी तीन घनमीटर, म्हणजे दिवसाला चार तास.

परंतु तरंगत्या टाकीत दिवसाच्या एकूण गॅसपैकी साधारण निम्माच साठतो. सलग चार तास इंजिन चालवण्याचा विचार करू नका. सकाळी दोन आणि संध्याकाळी दोन असे विभागल्यास टाकी मधल्या काळात पुन्हा भरते, आणि धारांच्या वेळाही त्याच आहेत. ६० टक्के मिथेन असलेला एक घनमीटर गॅस उष्णतेच्या दृष्टीने ०.६ लिटर डिझेलएवढा असतो, मात्र प्रत्यक्षात ०.४ लिटरची बचत धरावी. १३ घनमीटरांवर दिवसाला सुमारे पाच लिटर. वीज जाईल तेवढ्याच दिवशी इंजिन लागत असेल, तर वार्षिक हिशोब त्याच प्रमाणात खाली आणा.

आता इशारा. दुहेरी इंधनाचे इंजिन कमी भारावर चालवणे हे पर्यावरणाच्या दृष्टीने डिझेलपेक्षा वाईट ठरू शकते, आणि ही गोष्ट धूर दिसत नाही म्हणून लक्षातच येत नाही. कमी भारावर सिलिंडरमध्ये हवा भरपूर आणि गॅस विरळ असतो; डिझेलच्या फवाऱ्याजवळचा गॅस जळतो, पण ज्योत कडेपर्यंत पोचत नाही आणि बराच मिथेन न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडतो. शंभर वर्षांच्या मापाने मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७ पट उष्णता अडवतो आणि वीस वर्षांच्या मापाने सुमारे ८० पट. आपण टाकीच्या कडेने सुटणाऱ्या गॅसबद्दल हळहळ व्यक्त केलीत ती अगदी रास्त आहे. तोच गॅस सायलेन्सरमधून सुटू नये, एवढीच माझी कळकळ आहे. म्हणून भार निम्म्याच्या खाली असेल तेव्हा गॅस बंद ठेवा, आणि शक्य असेल तर कुलर व कडबाकुट्टी एकाच वेळी चालवून भार ६० ते ८० टक्क्यांवर ठेवा. योग्य भारावर काजळी स्पष्टपणे कमी होते, कारण मिथेनच्या रेणूत कार्बनला कार्बन जोडलेलाच नसतो. कार्बन मोनॉक्साइड मात्र वाढतो. इंजिनाच्या खोलीला समोरासमोर खिडक्या आणि सायलेन्सरचा पाइप छपराबाहेर, या दोन्ही गोष्टी आवश्यक समजाव्यात.

सीनाकाठ, मोहोळ तालुका

काका आणि सर, आपण दोघांनी इतक्या तपशिलाने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. भार एकत्र आणण्याचा विचार मला सुचलाच नव्हता. कडबाकुट्टी आम्ही दुपारी चालवतो, ती धारांच्या वेळी आणणे सहज शक्य आहे.

दोन शंका उरल्या. गॅस कमी पडला तर त्याच नळीला स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर जोडावे, असे शेजारी सुचवतात. ते चालेल का? आणि माझ्या भावाचा डिझेल पिकअप आहे, तोही असाच बदलता येईल का?

तंत्रशिक्षक, सोलापूर

सिलिंडर जोडू नका. घरगुती सिलिंडर इंजिनाला वापरणे सन २००० च्या एलपीजी पुरवठा व वितरण आदेशानुसार बेकायदा आहे, आणि तांत्रिक कारण त्याहून गंभीर आहे. मिथेन नॉकिंगला (सिलिंडरमध्ये इंधन अवेळी भडकण्याला) सहजासहजी दाद देत नाही. प्रोपेन आणि ब्युटेन यांचे तसे नाही. हवा सतरापट दाबणाऱ्या इंजिनात ते ठरावीक प्रमाणापुढे गेले की भडका अनियंत्रित होतो, हातोडीसारखा ठोका ऐकू येतो आणि पिस्टन व गॅस्केट यांना इजा होते. शिवाय एलपीजी हवेपेक्षा दीडपटीहून अधिक जड असल्याने गळती झाल्यास जमिनीलगत, खड्ड्यात साचून राहतो. गोबरगॅस हवेपेक्षा किंचितच हलका असतो, तेव्हा तोही झटकन वर निघून जाईल असे समजून निर्धास्त राहू नये. गॅस संपला तर डिझेलवर चालवा. दुहेरी पद्धत निवडण्याचे प्रयोजनच ते आहे.

पिकअपचा विषय पूर्णपणे वेगळा आहे. शेतातील स्थिर इंजिनाला आरटीओची नोंद नसते. वाहनाला असते, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदीत नसलेला बदल करता येत नाही. त्या मॉडेलसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेने मान्य केलेला संच, अधिकृत केंद्रात बसवणे आणि आरसीवर इंधनाची नोंद करून घेणे, हा क्रम टाळता येत नाही. सीएनजीच्या टाकीला नागपूरच्या पेसो या केंद्रीय स्फोटक सुरक्षा संस्थेची मान्यता लागते आणि दर तीन वर्षांनी जलदाब चाचणी करावी लागते, कारण तिच्यात सुमारे २०० बार दाब असतो. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राने साडेतीन टनांच्या आतील बीएस-सहा (प्रदूषण मानक) डिझेल वाहनांचे इंजिन सीएनजी किंवा एलपीजी इंजिनाने बदलण्यास वाट करून दिली. पण त्यात संपूर्ण इंजिनच बदलले जाते, आहे त्याच डिझेल इंजिनात नळी जोडली जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर दिल्लीच्या बस सीएनजीवर आल्या, त्याही ठिणगीच्या इंजिनांवर चालणाऱ्या होत्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये डिझेलवरून सीएनजीवर बदललेला ट्रॅक्टर दिल्लीत सादर झाला, त्याची चित्रफीत पाहून अनेक शेतकरी घरच्या गॅसबद्दल विचारतात, म्हणून स्पष्ट सांगतो: कच्चा गोबरगॅस दाबून कोणत्याही सिलिंडरमध्ये भरू नये. त्यातील हायड्रोजन सल्फाइड आणि ओलावा मिळून पोलाद आतून खातात. वाहनात भरण्याच्या बायोगॅससाठी आयएस १६०८७ हे मानक असून त्यात मिथेन किमान ९० टक्के लागते; तेवढे शुद्धीकरण गोठ्यावर होण्यासारखे नाही.

भीमातीर, पंढरपूर तालुका

दादा, आमच्याकडे अशा पद्धतीने इंजिन चालते आणि ते मीच सांभाळते, म्हणून गॅस स्वच्छ करण्याबद्दल लिहिते. वरच्या चर्चेत तो भाग थोडक्यात आला, पण इंजिन टिकते की नाही हे त्यावरच ठरते.

शेणाच्या गॅसला सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा. जळल्यावर त्याचे आम्ल बनते, ते इंजिन ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंग व पितळी बुश खाऊन टाकते. लेथवर निघणारा लोखंडाचा कीस आणून, पाणी शिंपडून गंजू द्यावा आणि झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपात सैलसर भरून गॅस खालून वर त्यातून न्यावा. लोखंडाचा गंज हायड्रोजन सल्फाइड धरून ठेवतो आणि काळा पडतो. सोलापूर एमआयडीसीत असा कीस सहज मिळतो. फक्त तो तेलकट नसावा, असला तर धुऊन घ्यावा. काळा पडलेला कीस बाहेर पसरला की हवेने पुन्हा तांबूस होतो आणि परत वापरता येतो. पसरताना तो तापतो, कधी कधी धुमसतोही. म्हणून कडब्याच्या गंजीपासून दूर, उघड्या जागेवर पातळ थर द्यावा आणि पाणी मारत राहावे. पिंपे दोन ठेवली तर एक काढल्यावर दुसरे चालू राहते.

पिंप काम करते का हे पाहायला घासून चकचकीत केलेली तांब्याची पट्टी गॅसच्या वाटेवर ठेवावी. ती लवकर काळी पडली तर कीस बदलायची वेळ झाली. वासावर विसंबू नका: हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार वाढले की नाकाला वास येणेच बंद होते, आणि तेव्हाच तो जिवावर बेततो. टाकीत किंवा खड्ड्यात एकट्याने कधीही उतरू नये, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या तासांच्या निम्म्यात बदलावे. डिझेल वाचले त्यातला थोडा भाग तेलाला जातो असे धरूनच हिशोब करावा.

पाण्याचेही सांगते. गॅस ओला असतो, थंड नळीत पाणी साचते आणि इंजिन कारण नसताना धापा टाकते. नळीला एका बाजूला उतार द्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी ठेवा. पौष-माघात पहाटे गॅस कमी मिळतो, कारण संयंत्रातले जीव ३५ अंशांच्या आसपास जोमाने काम करतात. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात गॅसची अडचण नसते, अडचण पाण्याची असते. शेणाइतकेच पाणी मिसळावे लागते, म्हणजे तुमच्याकडे रोज चारशे लिटर. एप्रिल-मेमध्ये विहिरीने तळ गाठला की हे पाणी कोठून आणायचे, याचा विचार आत्ताच करा. आम्ही गोठा धुतलेले पाणी वापरतो, त्यात गोमूत्रही येते. मात्र ज्या दिवशी फिनेल किंवा जंतुनाशक टाकून गोठा धुतला असेल, त्या दिवशीचे पाणी संयंत्रात जाऊ देऊ नका. त्याने संयंत्रातले जीव मरतात आणि गॅस कित्येक दिवस बसतो.

सीनाकाठ, मोहोळ तालुका

ताई, पाण्याचा मुद्दा आमच्या गावाला अगदी लागू आहे. गोठ्याच्या गटाराचे पाणी सध्या घासाला जाते, ते आधी संयंत्रात वळवून त्याची स्लरी (संयंत्रातून बाहेर पडणारा पातळ राबडा) घासाला देतो.

पिकअपचा आणि सिलिंडरचा विचार सोडला. आता आधी कीस आणि पिंपे, मग मिक्सर असे ठरवतो. मिक्सर बनवून घेण्यापूर्वी माझ्याकडे प्रत्यक्षात किती गॅस निघतो ते मोजायचे आहे. त्यासाठी मीटर विकत घ्यावा लागेल का?

होटगीरोड, इंजिन दुरुस्ती

मीटर लागणार नाही, तुमची तरंगती टाकी हाच मीटर आहे. टाकीवर उभी पट्टी रंगवून दर दहा सेंटिमीटरला खूण करा. टाकीचा व्यास तीन मीटर असेल, तर वर्तुळाचे क्षेत्रफळ सात चौरस मीटर होते, म्हणजे टाकी दहा सेंटिमीटर वर आली की ०.७ घनमीटर गॅस जमला. सगळे कॉक बंद करून संध्याकाळी आणि पहाटे खूण पाहा. टाकी पूर्ण वर येण्याआधी मोजणी थांबवा, नाहीतर कडेने सुटलेला गॅस हिशोबात येणार नाही. हे थंडीत आणि उन्हाळ्यात वेगवेगळे करा. नंतर इंजिन चालू असताना टाकी तासाला किती उतरते तेही त्याच पट्टीवर दिसेल, आणि डिझेलच्या टाकीत पातळीची नळी लावली तर दोन्ही इंधनांचा खप समोरासमोर कळेल.

व्यास मोजून इथे लिहा, आणि इंजिनाच्या सक्शन पाइपचे आतील मापही द्या. मिक्सरचा गळा किती ठेवायचा ते त्यावरून सांगतो.